‘निदान काम तरी मिळतं’ म्हणणाऱ्यांना

बांगलादेशातल्या कपड्यांच्या कारखान्यांचा विषय निघाला, की शिकल्यासवरल्या मराठी घरांत एक वाक्य ठरलेलं असतं : ‘पगार कमी असेल, पण निदान काम तरी मिळतं ना त्यांना?’ हे म्हणणारा माणूस दुष्ट नसतो. त्या बायकांबद्दल त्याला वाईटही वाटत असतं. पण या एका वाक्यानं तो विषय मिटवून टाकतो. त्यानंतर कुणी मजुरी, सुरक्षितता, संघटना असे शब्द काढलेच, तर त्याला भाबडं ठरवलं जातं आणि थोडं अर्थशास्त्र वाचायचा सल्ला दिला जातो. मला या वाक्याची चीड येते. ते ज्या युक्तिवादावर उभं आहे, तो आधी पुरता मांडतो. अर्धवट मांडून खोडण्यात काही अर्थ नाही.

युक्तिवाद असा. बांगलादेश हा गरीब, दाटीवाटीचा देश. स्वस्त हात हेच त्याचं भांडवल. खेड्यातल्या मुलीपुढे पर्याय काय? शेतमजुरी, शहरात कुणाच्या घरी धुणीभांडी, नाहीतर पंधराव्या वर्षी लग्न. त्यापेक्षा कारखाना बरा, आणि तो बरा आहे म्हणूनच ती आपल्या पायांनी तिथं जाते. इंग्लंड, अमेरिका, जपान, कोरिया सगळे याच पायरीवरून वर गेले. उद्या मजुरी वाढवा, कारखाने इथिओपियाला जातील आणि ही मुलगी पुन्हा बांधावर येईल. सुरक्षेचे कडक नियम श्रीमंत देशांना परवडतात, गरिबांना नाहीत. गिऱ्हाइकालाही स्वस्तच हवं असतं. आणि जे ओरडतात ते पश्चिमेतले कामगारनेते. त्यांना आपल्या नोकऱ्या वाचवायच्या आहेत.

हा युक्तिवाद कट्ट्यावरच्या गप्पांतून जन्मलेला नाही. पॉल क्रुगमन यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञानं १९९७ मध्ये स्वस्त मजुरीची बाजू घेणारा लेख लिहिला होता आणि पुढं त्याच मांडणीवर एक पिढी पोसली. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ साभारला कपड्यांच्या कारखान्यांची राणा प्लाझा ही इमारत कोसळली. त्याच दिवशी एका नावाजलेल्या अमेरिकी नियतकालिकानं प्रसिद्ध केलेल्या लेखाचा आशय असा होता, की वेगवेगळ्या देशांत सुरक्षेचे नियम वेगवेगळे असणं योग्यच आहे. त्या वेळी माणसं ढिगाऱ्याखाली जिवंत होती.

म्हणून बोलणं राणा प्लाझापासूनच सुरू करू. ‘ती आपल्या पायांनी जाते’ या म्हणण्याची परीक्षा तिथं झाली आहे.

राणा प्लाझा आठ मजली होती. वरचे मजले परवानगीशिवाय चढवलेले. खाली दुकानं आणि एका बँकेची शाखा, वर कपड्यांचे पाच कारखाने. वीज सतत जायची म्हणून अवजड जनरेटर वरच्या मजल्यांवर बसवलेले. २३ एप्रिलला खांबांना मोठमोठे तडे दिसले. लोक घाबरून बाहेर पडले, पाहणीसाठी आलेल्या अभियंत्यानं इमारत धोक्याची असल्याचं सांगितलं, वाहिन्यांवर बातमी झळकली. दुसऱ्या दिवशी बँक उघडली नाही. दुकानंही बंद राहिली. आणि कारखान्यांतल्या मजुरांना सांगितलं गेलं, की कामावर या. मालकानं इमारत ठीक असल्याची ग्वाही दिली होती. हरताळांमुळे ऑर्डरी लांबल्या होत्या, माल वेळेत जहाजावर चढायला हवा होता. महिना संपत आला होता आणि जो येणार नाही त्याचा पगार कापला जाईल, अशी धमकी होती. बायका-पुरुष खाली उभे राहून कुरकुरले आणि मग जिना चढले. काही वेळानं वीज गेली, जनरेटर सुरू झाले आणि नऊच्या आत इमारत खाली बसली. १,१३४ माणसं मेली. अडीच हजारांच्या आसपास जखमी झाली. त्यांतल्या कित्येकांचे हात-पाय ढिगाऱ्यातून सोडवण्यासाठी जागेवरच कापावे लागले.

आता सांगा, बँकेतला कारकून आणि तिसऱ्या मजल्यावरची ऑपरेटर यांच्यात फरक कोणता होता? तडे दोघांनी पाहिले. अभियंत्याचं बोलणं दोघांच्या कानावर गेलं. जिवाची भीती दोघांना सारखीच. कारकुनाला घरी राहण्याची मोकळीक होती, ऑपरेटरला नव्हती. तिच्या बाजूनं ‘आज आम्ही कुणी आत जाणार नाही’ असं म्हणायला कुणी नव्हतं. त्या पाचपैकी एकाही कारखान्यात कामगार संघटना नव्हती. एकटीनं नकार दिला असता, तर महिन्याचा पगार गेला असता, बहुधा नोकरीही. तीन हजार टका महिना मिळवणारीच्या घरी पुढच्या महिन्याच्या भाड्याएवढीही शिल्लक नसते. त्या दिवशी ती ज्या पायांनी जिना चढली, त्यांना ‘आपले पाय’ म्हणणं मला जमत नाही.

इथंच माझं सगळं म्हणणं आहे. कारखाना असावा की नसावा हा वाद कुणी घातलेलाच नाही. त्या कारखान्यातल्या बाईला ‘नाही’ म्हणता येतं का, एवढाच प्रश्न आहे. तडा गेलेल्या इमारतीला नाही, कुलूप लावलेल्या दाराला नाही, रात्री दहापर्यंतच्या ओव्हरटाइमला नाही, पोट भरणार नाही अशा पगाराला नाही. ‘निदान काम तरी मिळतं’ म्हणणारे या प्रश्नाला कधी हात घालत नाहीत. ते दोनच पर्याय समोर ठेवतात : असा कारखाना किंवा उपासमार. हे दोनच पर्याय असावेत, हे ठरवलं कुणी?

राणा प्लाझा हा अपघात होता, असंही म्हटलं जातं. मग एप्रिल २००५ मध्ये साभारलाच स्पेक्ट्रम कारखाना कोसळून ६४ जण दगावले, ते काय होतं? राणा प्लाझाच्या पाच महिने आधी, २४ नोव्हेंबर २०१२ ला आशुलियातल्या ताजरीन फॅशन्समध्ये आग लागली. धोक्याची घंटा वाजल्यावर बाहेर निघालेल्यांना परत मशीनवर बसायला सांगितलं गेलं, दारं बंद होती, आणि शंभराहून जास्त माणसं जळून किंवा खिडक्यांतून उड्या मारून मेली. त्याच वर्षी सप्टेंबरात कराचीच्या बलदिया भागातल्या अली एंटरप्रायझेसमध्ये अडीचशेहून जास्त माणसं आगीत गेली. ती आग खंडणीसाठी लावली गेली होती, असं पुढं पाकिस्तानच्या न्यायालयानं म्हटलं. पण आग कुणीही लावलेली असो. बाहेर पडायच्या वाटा बंद आणि खिडक्यांना गज होते, म्हणून माणसं आत अडकली. आणि या कारखान्याला आगीच्या काही आठवडे आधीच चांगल्या कार्यपद्धतीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं होतं.

या प्रमाणपत्रांबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण वादात कोंडी झाली की ‘हल्ली कंपन्या ऑडिट करतात’ हे उत्तर पुढं येतं. राणा प्लाझातल्या कारखान्यांचीही ऑडिट झाली होती. ऑडिट करणाऱ्याचे पैसे कोण देतं? ज्याची तपासणी व्हायची तो मालक, किंवा ज्याला स्वस्त माल हवा आहे तो खरेदीदार. तपासनीस येणार हे बहुतेक वेळा आधी कळतं; त्या दिवशी जिने मोकळे होतात, लहान वयाच्या पोरी घरी राहतात, काय बोलायचं ते मजुरांना पढवलेलं असतं. सुपरवायझरच्या देखत विचारलेल्या प्रश्नाला कुठली हेल्पर खरं उत्तर देईल? कारखान्यात वर्षाचे तीनशे दिवस जो बसतो, त्याच्याइतका चांगला तपासनीस दुसरा नाही. त्याला बोलू द्यायचं नाही आणि बाहेरून कागद घेऊन माणूस आणायचा, यानं इमारत मजबूत होत नाही. खरेदीदाराच्या हाती फक्त ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असं म्हणायची सोय येते.

आता त्या पायरीकडे वळू. सगळे देश याच पायरीवरून वर गेले, म्हणे. बरोबर आहे, गेले. पण कसे गेले?

न्यूयॉर्कमधली ट्रायअँगल शर्टवेस्ट कंपनी. २५ मार्च १९११. आठव्या मजल्यावर आग लागली आणि वर पसरली. नवव्या मजल्यावरचं एक दार कुलूपबंद होतं, कारण जाताना बायकांच्या पिशव्या तपासता याव्यात अशी मालकांची व्यवस्था होती. अग्निशमन दलाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोहोचत होती. १४६ जण मेले. बहुतेक ज्यू आणि इटालियन घरांतल्या, नुकत्याच अमेरिकेत आलेल्या तरुण मुली. दोनच वर्षांपूर्वी, १९०९ च्या हिवाळ्यात, अशाच वीस हजारांवर मुलींनी न्यूयॉर्कमध्ये संप केला होता. ट्रायअँगलच्या मालकांनी त्या संपात संघटनेला मान्यता द्यायला नकार दिला होता. आगीनंतर खटल्यात मालक निर्दोष सुटले. पण शहर पेटून उठलं होतं. संघटना रस्त्यावर होत्या, चौकशी आयोग नेमला गेला आणि पुढच्या काही वर्षांत राज्यानं कारखान्यांसाठी कायद्यांची रांग लावली. ती आग डोळ्यांनी पाहिलेल्या फ्रान्सेस पर्किन्स त्या चौकशीच्या कामात होत्या. १९३३ मध्ये त्या अमेरिकेच्या कामगारमंत्री झाल्या. अमेरिकी मजूर त्या पायरीवरून वर गेला तो संप, मोर्चे, कायदे यांच्या बळावर. पायरी आपोआप मागं पडली नाही.

कोरियाचं उदाहरण तर आणखी जवळचं आहे. बांगलादेशाच्या तयार कपड्यांच्या धंद्याला सुरुवातीचा जोर कोरियातूनच मिळाला. १९७९ च्या सुमारास देश गारमेंट्स या कंपनीनं सव्वाशेहून अधिक माणसं शिकायला कोरियाच्या देवू कंपनीकडे पाठवली. ती परतली आणि त्यांतल्या कित्येकांनी पुढं आपापले कारखाने काढले. कोरियाच्या या प्रगतीचे गोडवे गाणाऱ्यांनी कधी जॉन ते-इल या शिंप्याचं नाव ऐकलं आहे का? तो सोलच्या प्योंगह्वा बाजारातल्या कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतायचं काम करायचा. बुटक्या, धुळीनं भरलेल्या पोटमाळ्यांवर कोवळ्या मुली दिवसाला चौदा-चौदा तास शिवायच्या. देशात कामगार कायदा होता, पण तो पाळला जात नव्हता. अर्ज-विनंत्या करून थकल्यावर १३ नोव्हेंबर १९७० रोजी, बाविसाव्या वर्षी, त्यानं अंगावर पेट्रोल ओतून घेतलं आणि आम्ही यंत्रं नाही असं ओरडत धावत सुटला. कोरियातली आधुनिक कामगार चळवळ त्या दिवसापासून मोजतात. ज्यांना कोरिया आदर्श वाटतो, त्यांनी कोरियाचा अर्धाच इतिहास सांगू नये.

म्हणजे इतिहास ज्या बाजूचा साक्षीदार म्हणून उभा केला जातो, तो त्याच बाजूच्या विरुद्ध साक्ष देतो. पायरी खरी आहे. वर चढवलं ते मजुरांनी एकत्र येऊन केलेल्या नकारानं. आणि नेमका तो नकारच आज ‘अर्थशास्त्र समजत नाही’ म्हणून झिडकारला जातो.

‘मजुरी वाढवली तर कारखाने निघून जातील’ ही भीती सगळ्यांत जास्त विकली जाते, म्हणून तिला आकड्यांनीच उत्तर दिलं पाहिजे. राणा प्लाझा पडली तेव्हा बांगलादेशात कपडा कामगाराचं किमान वेतन ३,००० टका होतं. त्याच वर्षाच्या अखेरीस ते ५,३०० झालं, २०१८ अखेर ८,०००, आणि २०२३ च्या डिसेंबरात १२,५००. दहा वर्षांत चौपट. त्याच काळात इमारती तपासल्या गेल्या, जिने बांधले गेले, आगीची दारं बसली, मालकांना खर्च करावा लागला. कारखाने पळाले का? २०१२-१३ मध्ये तयार कपड्यांची निर्यात साडेएकवीस अब्ज डॉलरच्या आसपास होती. २०१८-१९ मध्ये ती चौतीस अब्ज डॉलरवर गेली. मजुरी वाढली, सुरक्षितता वाढली आणि धंदाही वाढला.

आणि ज्या इथिओपियाचा बागुलबुवा दाखवला जातो, तिथं काय झालं? हवासाच्या औद्योगिक वसाहतीत मूळ पगार महिन्याला २६ डॉलरच्या आसपास होता. खासगी क्षेत्राला किमान वेतनाचा कायदाच नव्हता. कपड्यांच्या धंद्यात जगात याहून स्वस्त मजुरी शोधून सापडली नसती. तरी मुली टिकत नव्हत्या, कारण त्या पगारात खोलीचं भाडं आणि जेवण भागत नव्हतं. पुढं युद्ध पेटलं, अमेरिकी बाजारातली करसवलत जाणार हे ठरलं आणि एक मोठा अमेरिकी उद्योगसमूह २०२१ मध्ये तिथून बाहेर पडला. जगातली सर्वांत कमी मजुरी देऊनसुद्धा कारखाना राहिला नाही. मग मजुरी दाबून ठेवणं ही नोकरीची हमी कशी?

ते १२,५०० टका नीट उलगडून पाहा. मूळ वेतन ६,७००. घरभाडं ३,३५०. औषधपाणी ७५०. येण्याजाण्याचे ४५०. आणि जेवणासाठी १,२५०, म्हणजे दिवसाला बेचाळीस टक्यांच्या आत. ओव्हरटाइम दुप्पट दरानं मिळतो, पण तो मोजायचा फक्त मूळ वेतनावर. तासाला सुमारे ६४ टका. आठ तासांच्या पगारात महिना निघत नाही म्हणून बाई रोज दोन-तीन तास जादा बसते, आणि मग आपण म्हणतो की ती स्वखुशीनं ओव्हरटाइम करते. घरी लहान मूल असेल तर ते गावाकडे आजीजवळ, वर्षातून दोन ईदींना भेटणारं. २०२३ च्या शरद ऋतूत त्यांनी मागितले होते २३,००० टका. मालकांच्या संघटनेनं आधी देऊ केले १०,४००. गाझीपूर आणि आशुलियात हजारो माणसं रस्त्यावर आली, चार कामगारांचा जीव गेला, हजारोंवर गुन्हे दाखल झाले आणि आकडा १२,५०० वर थांबला. आजवरची प्रत्येक वाढ अशीच मिळाली आहे. कुठलीही पायरी चढली म्हणून कुणी आपणहून दिलेली नाही.

‘गिऱ्हाइकाला स्वस्त हवं असतं’ हा बचाव फार वेळ टिकत नाही. ऑक्सफॅमच्या ऑस्ट्रेलियातल्या शाखेनं २०१७ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, तिथं विकल्या जाणाऱ्या बांगलादेशी कपड्याच्या किमतीतले सरासरी दोन टक्के शिवणाऱ्याच्या हाती पडतात. हजार रुपयांच्या शर्टामागे वीस रुपये. ते दुप्पट केले आणि सगळा बोजा गिऱ्हाइकावर टाकला, तरी शर्ट हजार-वीसचा होईल. पुण्यातल्या मॉलमध्ये कोणता माणूस वीस रुपयांसाठी तो शर्ट परत ठेवेल? पैसे वाचवायचा दबाव गिऱ्हाइकाकडून येत नाही; तो खरेदी खात्यातून येतो. दर हंगामाला तोच कपडा आणखी दहा सेंटनं स्वस्त मागितला जातो, मुदत आणखी आठवडाभरानं कमी केली जाते, डिझाइन शेवटच्या क्षणी बदललं जातं. मालक नाही म्हणाला तर ऑर्डर दुसऱ्याकडे. मग तो मालक तेच ओझं लाइनवर उतरवतो : टार्गेट वाढवतो, संडासला जायची वेळ मोजतो, नाहीतर काम परवाना नसलेल्या छोट्या कारखान्याकडे गुपचूप सरकवतो.

हे नातं किती एकतर्फी आहे ते मार्च २०२० मध्ये उघडं पडलं. करोनाची टाळेबंदी लागताच युरोप-अमेरिकेतल्या ब्रँडनी बांगलादेशातल्या तीन अब्ज डॉलरहून जास्त किमतीच्या ऑर्डरी रद्द केल्या किंवा अडकवून ठेवल्या. कापड आलेलं, बेतलेलं, कित्येक ठिकाणी कपडे शिवून खोक्यांत भरलेले. पैसे माल गेल्यावर कित्येक आठवड्यांनी द्यायचे अशीच रीत असल्यामुळे सगळा खर्च आधीच कारखान्याच्या अंगावर. दहा लाखांहून अधिक मजुरांना काही दिवसांत घरी बसवलं गेलं. बऱ्याच जणांना हक्काची भरपाई मिळाली नाही. ‘निदान काम तरी मिळतं’ या वाक्याला तेव्हा काय उत्तर होतं? काम ब्रँड देतात, असं श्रेय घेणारे ते काढून घेताना कुठं होते? पुढं जगभरातून दबाव आला, ब्रँडची नावं जाहीर घेतली गेली, तेव्हा कुठं बऱ्याच कंपन्यांनी पैसे मोकळे केले. पुन्हा तेच. दबाव आला म्हणून.

‘हा सगळा परदेशी कामगारनेत्यांचा डाव आहे’ हा आरोप मराठी वाचकाला तरी नवा वाटू नये. १८७०-८० च्या दशकांत लँकशायरच्या गिरणीमालकांना मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा बोचू लागली, तेव्हा हिंदुस्थानातल्या कारखान्यांना कायदा लावा असा धोशा त्यांनी लावला. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला. मुंबईचे मालक आणि राष्ट्रीय बाण्याची बरीच वृत्तपत्रं ओरडली, की हा देशी धंदा मारण्याचा मँचेस्टरचा कट आहे. मँचेस्टरचा स्वार्थ खराच होता. पण म्हणून गिरणीतल्या सात-आठ वर्षांच्या पोराची दमछाक खोटी होती का? हा प्रश्न विचारला तो नारायण मेघाजी लोखंड्यांनी. सत्यशोधक, जोतीरावांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक. १८८४ मध्ये परळला सुपारीबागेत त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवलं. मागण्या काय होत्या? आठवड्यातून एक दिवस सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. पगार वेळेवर. काम करताना जखमी झाला तर बरा होईपर्यंत पगार. आज रविवारी घरी बसून ‘कामगारांचे लाड नकोत’ म्हणणाऱ्या प्रत्येकानं लक्षात घ्यावं, की १८९० मध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, ती या माणसानं सहा वर्षं नेट लावला तेव्हा.

बांगलादेशातही आवाज उठवणारे बाहेरचे नाहीत. अमिनुल इस्लाम हा कपडा कामगारच होता. मजुरांना त्यांचे हक्क समजावून सांगायचा. एप्रिल २०१२ मध्ये त्याचा मृतदेह तांगाइल जिल्ह्यात रस्त्याकडेला सापडला. अंगावर छळाच्या खुणा होत्या. कल्पोना अख्तर बारा वर्षांच्या असताना कारखान्यात लागल्या, संघटना बांधायला गेल्या म्हणून काढल्या गेल्या आणि गेली तीसेक वर्षं हेच काम करताहेत. त्यांना पश्चिमेच्या हातातलं बाहुलं म्हणायचं, तर त्यांच्या आयुष्याकडे न बघताच म्हणावं लागेल. त्या जगभर हिंडून लोकांना काय सांगतात? बांगलादेशी कपडे घेणं बंद करा, असं एकदाही नाही. बहिष्कारानं आमच्या नोकऱ्या जातील, हे त्यांना कुठल्याही अर्थतज्ज्ञापेक्षा जास्त कळतं. कारखान्यानं गावातल्या मुलीला हातात पैसा दिला, घराबाहेर पडायची वाट दिली, हे त्याही सांगतात. मीही मान्य करतो. मुलींची लग्नं पुढं गेली, शाळा वाढली, हेही खरं. पण त्या मुलीनं कमावलेल्या मोकळिकीचं श्रेय तिचं आहे. ते श्रेय घेऊन तिचाच पगार दाबायचा, हा कुठला न्याय?

उपाय काय, असं विचारणाऱ्यांनी बांगलादेशातल्या एका कराराकडे पाहावं. राणा प्लाझानंतर मे २०१३ मध्ये जागतिक कामगार महासंघ आणि ब्रँड यांच्यात ‘अकॉर्ड’ नावाचा करार झाला. दोनशेहून जास्त ब्रँडनी सह्या केल्या. हा करार कायद्यानं बांधील आहे : तपासणी स्वतंत्र, अहवाल जाहीर, दुरुस्तीची सोय करायची जबाबदारी ब्रँडवर, आणि शब्द मोडला तर लवादापुढे खेचता येतं. काही मोठ्या अमेरिकी कंपन्यांनी त्यापासून दूर राहून आपला वेगळा, असा बांधील नसलेला गट काढला. अकॉर्डखाली सोळाशेच्या वर कारखाने आणि वीस लाखांच्या आसपास मजूर आले. लवादाची प्रकरणं चालली आणि एका ब्रँडला २३ लाख डॉलर मोजायला लागले. त्या कराराच्या मसुद्यात एक कलम आहे, धोकादायक इमारतीत पाऊल टाकायला नकार देण्याचा मजुराचा हक्क मान्य करणारं. साभारमध्ये त्या सकाळी जे नव्हतं, ते तिथं कागदावर आलं. नंतर हाच करार पाकिस्तानातही पोहोचला. हे अशक्य आहे, परवडणार नाही, असं त्याआधी अनेक जण सांगत होते.

पण जिने आणि अग्निरोधक दारं झाली म्हणजे काम संपलं, असं नाही. पगार अकॉर्डच्या कक्षेबाहेरच राहिला. २०१३ पूर्वी बांगलादेशात संघटना नोंदवायला गेलं, की सरकारी खातं सभासदांची यादी मालकाकडे पाठवायचं आणि दुसऱ्या दिवशी ती माणसं कामावरून गेलेली असायची. ती तरतूद जगभरातून टीका झाल्यावर काढली गेली. तरी त्यानंतरही संघटना बांधू पाहणाऱ्याचं नाव काळ्या यादीत जात राहिलं आणि वसाहतीतल्या दुसऱ्या कारखान्यात त्याला काम मिळेनासं झालं. मालकांचं वजन एवढं, की त्यांच्या संघटनेचं ढाक्यातलं स्वतःचं मुख्यालयच बेकायदा उभं होतं आणि ते पाडण्याचा न्यायालयाचा हुकूम अमलात यायला वर्षं गेली. राणा प्लाझाच्या मालकावरचा खुनाचा खटला दहा वर्षं उलटल्यावरही निकालाला आलेला नव्हता. मृतांच्या कुटुंबांसाठीचा तीन कोटी डॉलरचा निधी भरायला दोन वर्षांहून जास्त वेळ लागला, कारण त्यात पैसे टाकणं ब्रँडच्या मर्जीवर होतं.

म्हणून ज्यांना खरोखर त्या बायकांचं बरं व्हावं असं वाटतं, त्यांनी ‘निदान’ म्हणणं सोडून ठरावीक गोष्टी मागाव्यात. भारतानं २०११ मध्ये बांगलादेशी कपड्यांवरचं आयातशुल्क हटवलं, तेव्हापासून ते कपडे आपल्याही दुकानांत आहेत; आपण आता या व्यवहाराचे प्रेक्षक नाही. आपण ज्या ब्रँडचे कपडे घेतो, त्यानं अकॉर्डवर सही केली आहे का, आपल्या कारखान्यांची यादी तो जाहीर करतो का, संघटना बांधणाऱ्याला काढणाऱ्या कारखान्याला तो जाब विचारतो का, हे विचारावं. माल देताना जो दर ठरतो, त्यात जगण्यापुरती मजुरी बसते की नाही, हे विचारावं. आणि या बायका पुन्हा रस्त्यावर येतील, तेव्हा त्यांना उपकाराची आठवण करून देऊ नये. २०२३ मध्ये त्यांनी २३,००० टका मागितले होते. त्यांच्या हाती १२,५०० पडले. उरलेले साडेदहा हजार अजून देणं आहेत.